अक्काच्या वाडीला पायी

परत आल्यावर सगळ्यांनी एकच विचारलं, किती किलोमीटर झाले? ऑफिसातल्या बायकांनी विचारलं, सोसायटीत सकाळी माझ्याबरोबर फिरणाऱ्या मंडळींनी विचारलं. मी घड्याळातला आकडा सांगते. लोक "वा, या वयात!" म्हणतात आणि पुढे जातात. मीही पुढे जाते. पण ज्या बहिणीला भेटायला मी तुडीलपासून चालत गेले, ती बहीण आता नाही. ती असती तर हे लिहिलेलं वाचायलाही तिला दुसरं कुणी लागलं असतं, आणि ऐकून म्हणाली असती, "एवढं काय लिवायचं गो त्यात? यष्टीनं आली असतीस तर जेवायच्या टायमाला पोचली असतीस."

चालण्याचं वेड मला उशिरा लागलं. आमची आई बावन्न पूर्ण व्हायच्या आत गेली. सकाळी पाणी भरलं, दुपारी छातीत दुखतंय म्हणाली, संध्याकाळी नव्हती. तेव्हा मी शाळेत होते. पुढे लग्न, ठाणं, शाळेच्या ऑफिसातली नोकरी, मुलगा, त्याचं शिक्षण यात आईचं वय लांबच्या गावासारखं वाटायचं. मग एकोणपन्नासाव्या वर्षी रक्ततपासणीचा कागद हातात आला, साखर वाढलेली, आणि ते गाव एकदम पुढच्या वळणावर दिसायला लागलं. दुसऱ्या दिवसापासून मी चालायला लागले. आधी सोसायटीच्या आवारात, मग तलावाभोवती, मग टेकडीवर. मुलाने मनगटी घड्याळ आणून दिलं, पावलं आणि ठोके मोजणारं. आमचे हे म्हणायचे, "सोसायटीची जमीन झिजवून ठेवणार ही." झिजली नाही जमीन, मीच बारा किलोंनी झिजले.

फाल्गुनात मला बावन्न पूर्ण होणार होती. त्याआधी काहीतरी मोठं करून दाखवायचं असं मनाने घेतलं. कुणाला दाखवायचं? आईला, बहुतेक. आणि अक्काला. अक्का माझ्याहून सहा वर्षांनी मोठी, उमरठच्या वरच्या वाडीत दिलेली. आईचं वय ती केव्हाच ओलांडून बसली होती. फोनवर मी म्हटलं, "अक्का, पौषात येते. तुडीलपासून चालत, तुझ्या दारापर्यंत."

ती इतकी हसली की तिला खोकला आला. मग म्हणाली, "ये. मी बगते दारात बसून."

तुडील

तुडीलच का, तर तिथे शाहिदा राहते. महाडच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. शिवाय तुडीलपर्यंत सावित्रीला भरतीचं पाणी चढतं आणि अक्काची वाडी डोंगराच्या कुशीत, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून डोंगरापर्यंत असा माझा बेत ऐकायला झोकदार होता. नकाशावर बोट फिरवणाऱ्या माणसाला असले बेत फार सुचतात.

शाहिदाच्या घरी हॉलमध्ये एक चालण्याचं मशीन आहे. नाझीरभाई, तिचा नवरा, सव्वीस वर्षं कुवेतला होते. कायमचे परत आले तेव्हा ते मशीन सामानातून घेऊन आले. आता त्यावर भरतकामाची चादर आहे, आणि चादरीवर वाळत घातलेले सांडगे.

"दोन दिवस चालला त्याच्यावर," शाहिदा म्हणाली. "मग म्हणतो, एवढं चालतोय तरी हॉल संपत नाही."

नाझीरभाई हसले. "तिथे गाडीतून उतरलो की लिफ्ट, लिफ्टमधून उतरलो की गाडी. मी परत आलो, गुडघे तिकडेच राहिले. तुम्ही चाला. आमच्या वाटचं पण चाला."

रात्रीच्या जेवणाला तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण होतं. मी एकच भाकरी घेतली. शाहिदाने दुसरी वाढली, मी हात आडवा धरला, तेव्हा ती खरोखर रागावली. "मोजून जेवायला आलीस माझ्याकडे? तुझी अक्का महाडला तुला भेटायला यायची, तेव्हा माझ्या डब्यातलं पण तीच वाढायची आपल्याला. ती कधी मोजायची?"

नव्हती मोजत. शाळेसाठी मी महाडला मावशीकडे राहायचे. अक्का चौथीतून घरी बसली होती, आईच्या हाताखाली. दर पंधरवड्याला ती आमच्या गावाहून, कापड्याहून, तांदूळ आणि भाजी घेऊन यायची, पोलादपूरपर्यंत पायी, पुढे एसटी. तिकिटाचे पैसे वाचवायला कधी कधी तेही पायी. डोक्यावरचं ओझं उतरवलं की पहिलं विचारायची, "अभ्यास झाला काय गो?" मी दुसरी भाकरी खाल्ली.

महाड

सकाळी शाहिदा गावाच्या वेशीपर्यंत आली आणि अक्कासाठी खजुराचा एक पुडा माझ्या पाठपिशवीत कोंबून गेली. दिवसभराची चाल होती. डाव्या पायाला फोड आला, एका कुत्र्याने अर्धा किलोमीटर सोबत केली, आणि एका रिक्षावाल्याने तीनदा थांबून विचारलं, "ताई, पैसे नसले तरी चालेल, बसा." मी बसले नाही. मला वाटलं मी किती निग्रही.

महाडला पोचले तेव्हा पुलावर पाच-सहा माणसं कठड्याला टेकून खाली बघत होती. खाली वाळूवर मगर पडली होती, तोंड उघडं टाकून. परक्या माणसाला हे नवल वाटतं, महाडकर मात्र गाय बघावी तसे मगर बघतात.

"सकाळपासून हलली नाही," एक गृहस्थ मला म्हणाले, माझ्या बुटांकडे बघत. "आणि तब्येत बघा तिची!"

मावशीचं घर आता नाही, तिथे दुकान झालंय. त्याच्या भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ आहे, माझ्या डोक्याच्या वर. मी ताडमाड उंच. लग्नाच्या वेळी उंचीपायी चार स्थळं परत गेली होती. त्या रेघेखाली उभी राहून मी स्वतःचा फोटो काढला आणि मुलाला पाठवला. पाठवल्यावर वाटलं, काय हे, कुणाच्या घरात शिरलेलं पाणी आणि आपण त्याच्याखाली हसत उभं राहतो.

कापडे

हमरस्त्याने चालण्यात सांगण्यासारखं काही नाही. धूळ आणि ट्रक. पोलादपूरला एक मुक्काम केला आणि बुधवारी दुपारी कापड्याला, माहेरी पोचले. भात कापून झालेला, खाचरांत नुसती खोडं, आणि दारोदारी पेंढ्याच्या उडव्या. दादा अंगणात होता. मला पायी येताना पाहून उठलाच.

"काय झालं? गाडी बंद पडली काय?"

"नाही रे. चालतच आले."

"कुठून?"

"तुडीलवरून."

त्याने आत वहिनीला हाक मारली. तासाभरात शेजारच्या दोन बायका येऊन गेल्या. एकीने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "नवऱ्याशी भांडलीस काय गो?"

ठाण्यात सकाळी रिकाम्या हाताने भरभर चालणारी बाई दिसली की लोक कौतुकाने बघतात. आमच्याकडे रिकाम्या हाताने चालणारं माणूस संशयाचं. डोक्यावर भारा असेल, हातात कोयती असेल, निदान कुणाची म्हैस सुटलेली असेल, तर चालण्याला अर्थ. पन्नाशीच्या बाईने तब्येतीसाठी चालावं हे ऐकून वहिनी म्हणाली, "तब्येतीसाठी तर बसायचं अस्तं." संध्याकाळी कुळथाचं पिठलं आणि नाचणीची भाकरी खाताना मी सगळ्यांना ठोके, साखर, हृदय यावर व्याख्यान दिलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. पाहुण्यांचं ऐकून घेतात आमच्याकडे.

वहिनीने सकाळी सुक्या जवळ्याची पिशवी हातात दिली. "अक्काला दे. मोकळी कशाला जातेस?"

उमरठ आणि वर

वाडीची एक रीत आहे, ती इथे सांगायलाच हवी. गाडीरस्ता उमरठच्या थोडा पुढे जाऊन संपतो. तिथून तासाभराची चढण आहे, दोन माणसं शेजारी शेजारी जेमतेम मावतील एवढी वाट. जिथे वाट सुरू होते तिथे एका जांभळाला दगडांचा पार बांधलाय आणि शेजारी एक छोटं दुकान. वाडीत न्यायचं जे काही असेल ते त्या पारावर ठेवतात. गिरणीतून भरडून आलेले तांदूळ, कुणाची औषधं, पत्र्याचा डबा. वर जाणाऱ्याने, मग तो कुणीही असो, त्यातलं झेपेल ते एक उचलायचं आणि वर ज्याचं त्याला द्यायचं. कुणी सांगत नाही, कुणी आभार मानत नाही. वाडीतली तरणी माणसं मुंबईला गेल्यापासून पारावर सामान जास्त दिवस पडून राहतं, एवढाच फरक.

गुरुवारी दुपारी मी पारापाशी पोचले तेव्हा तिथे मिठाची एक पिशवी होती आणि तांदळाची एक लहान गोणी. दुकानदार ओळखीचा होता.

"ही तुमच्या अक्काचीच हाय. पंधरा किलो. नेता काय?"

मी गोणीकडे बघितलं. पाठीवर माझी पिशवी होती, हातात जवळा होता. पण खरं कारण ते नव्हतं. चढण मी किती वेळात चढते ते मला घड्याळात बघायचं होतं. ठाण्याच्या टेकडीवर दोन वर्षं ज्याची तयारी केली ती हीच चढण होती. गोणी घेतली असती तर वेळ बिघडला असता.

"भावोजी नेतील उद्या," मी म्हटलं आणि मीठ उचललं.

चाळीस मिनिटांत वर पोचले. अक्का खरंच दारात बसली होती. ओढलेली दिसली, पण हसली तेव्हा तीच. माझ्या तोंडावरून हात फिरवून तिने स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

"आलीस गो बाय. कवढी सुकलीस! खायला घालत नाय काय कोण?"

मग तिने आतून पांढरी प्लास्टिकची खुर्ची आणली. घरातली एकुलती एक, माझ्यासाठी भावोजींनी आठवड्यापूर्वी पोलादपूरहून डोक्यावर आणलेली. ठाण्याची पाहुणी खाली कशी बसेल! मी खाली बसले. अक्का रागावली म्हणून परत वर बसले.

अकरा दारांची ती वाडी. सात दारांना कुलपं. अक्काचे दोघे मुलगे मुंबईत, एक सुरक्षारक्षक, एक कुरिअर वाटतो. गणपतीत आणि शिमग्याला येतात. उरलेल्या दारांत म्हातारी माणसं. मी संध्याकाळी देवळाच्या कट्ट्यावर, जिथे मोबाईलला रेंज येते, उभी राहून ताणाचे व्यायाम केले आणि मुलाला माझी वेळ कळवली. चाळीस मिनिटं.

शुक्रवारी सकाळी मी उशिरा उठले. फोडावर पट्टी लावत ओसरीवर बसले होते. भावोजी रानात गेलेले. अक्का दिसेना. पाणवठ्यावर गेली असेल असं वाटलं. बऱ्याच वेळाने ती वाटेवरून वर येताना दिसली. डोक्यावर गोणी. चार पावलं चालायची, थांबायची. चार पावलं चालायची, थांबायची.

मी धावत गेले. "तू कशाला गेलीस?"

"घरात तांदूळ नाय गो. तू आलीस, तुला काय पेज घालू?"

गोणी मी उतरवून घेतली. ओसरीवर टेकल्यावर तिच्या कपाळावरून घाम निथळत होता. पौषातली सकाळ, अंगावर शाल घ्यावी अशी हवा. मी म्हटलं, "बघ, सवय गेली तुझी. रोज थोडं नेमाने चालायला हवं, श्वास लांब घ्यायचा." असं मी म्हटलं. मग गंमत म्हणून माझं घड्याळ काढून तिच्या मनगटावर बांधलं. ठोक्यांचा आकडा आला, तो मी धावतानासुद्धा येत नाही.

अक्काने विचारलं, "काय म्हणतंय?"

मी म्हटलं, "तुझ्या बांगड्या आड येतायत. चुकीचं दाखवतंय," आणि घड्याळ काढून घेतलं.

तिने छातीवरून हात फिरवला. "पित्त झालंय." आमसुलाचं पाणी प्यायली, थोडी पडली, मग उठून माझ्यासाठी त्याच तांदळाची पेज केली. दुपारी आम्ही खजूर खाल्ले. तिने शाहिदाची चौकशी केली, नाझीरभाईंच्या मशीनवरचे सांडगे ऐकून पोट धरून हसली. मग मला विचारलं, "आईवानी आपलं बी व्हईल म्हणून भितेस काय गो तू?"

मी हो म्हटलं.

"भिऊ नको. मी म्होरं गेले ना त्याच्या? तू बी जाशील. माज्या मागनं चाल, बस."

शनिवार

पहाटे ती चूल पेटवायला उठली आणि चुलीपाशीच बसली. भावोजींनी हाक मारली म्हणून मी गेले. घाम, ओठ पांढरे, डावा हात उजव्या हाताने धरलेला. मला सगळं माहीत होतं. दोन वर्षं मोबाईलवर मी हेच वाचत होते, हात, जबडा, घाम. आदल्या दिवशीही माहीत होतं. बांगड्यांवर ढकललं मी.

भावोजींनी कट्ट्यावर जाऊन खाली जीपवाल्याला फोन लावला. जीप वाटेच्या तोंडाशी येणार होती. तिथपर्यंत न्यायचं कसं, हाच प्रश्न. अशा वेळी दोन बांबूंमध्ये खुर्ची बांधतात आणि चार खांद्यांवर माणूस उतरवतात. खुर्ची होती, माझीच. बांबू होते. वाडीत पुरुष होते तीन. भावोजी त्रेसष्टचे. त्यांचा चुलत भाऊ तुकाराम, एक गुडघा गेलेला. आणि गणपतकाका, सत्तरी कधीच ओलांडलेले, पण माझ्यासारखेच उंच.

"चौथा कोण?" तुकाराम म्हणाला.

मी पुढे झाले. तुकारामने मान हलवली. "बाईमानसानं खांदा द्यायचा नाय."

"मग कोण हाय दुसरं? बोल," भावोजी ओरडले. त्या माणसाला ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं.

अक्का भिंतीला टेकून बसली होती. डोळे मिटलेले. तशीच म्हणाली, "घ्या तिला. दोन वर्सं प्रॅक्टिस केलीय तिनं." आणि किंचित हसली.

उतरणीला उंच माणसं पुढे लागतात, म्हणजे खुर्ची सपाट राहते. म्हणून पुढे गणपतकाका आणि मी, मागे भावोजी आणि तुकाराम. खुर्ची बांधताना मी तिचं तोंड वाटेकडे, उताराकडे करायला गेले. काकांनी माझा हात धरला.

"उलटी बांद. जित्या मानसाचं तोंड वाडीकडंच ठेवायचं. घर दिसत ऱ्हायलं की ते परत येतं."

तशी बांधली. त्यामुळे ती भावोजींसमोर बसली आणि मला तिचा चेहरा दिसेना. फक्त आवाज ऐकू यायचा, माझ्या मानेच्या मागून.

माझी पावलं मजबूत होती, दम मजबूत होता. खांदा मात्र कुणी तयार केला नव्हता. शंभर पावलांत बांबू हाडावर घासायला लागला. साडीच्या पदराची चुंबळ केली, ती सरकली. वळणावर काकांचा तोल जायला लागला, आम्ही खुर्ची टेकवली. परत उचलली. तुकारामचा गुडघा मुरडला, परत टेकवली. मग माझा हात बधिर झाला, परत टेकवली. दर वेळी टेकवताना वाटायचं, एवढी एकच, आता खालीच टेकवायची. दर वेळी अक्का मागून विचारायची, "दमलीस काय गो?"

"नाही," मी म्हणायचे.

"माज्यामुळं तुमाला तरास."

अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "नंदे, तांदूळ डब्यात भर हां. गोणीत ठेवलेस तर उंदरं लागतील." त्यानंतर तिने दमलीस का विचारलं नाही. भावोजी मात्र तिच्याशी बोलत राहिले. काय बोलत होते ते मला पुढे नीट ऐकू येत नव्हतं. उतरताना ते रडत होते, हे मला खाली पोचल्यावर त्यांच्या तोंडावरून कळलं.

जांभळाच्या पारापाशी जीप उभी होती. पोलादपूरच्या दवाखान्यात सांगितलं, महाडला न्या. मी मागे बसले होते, तिचं डोकं माझ्या मांडीवर. ज्या रस्त्यावरून मी मंगळवारी फोड सांभाळत चालत आले होते, त्याच रस्त्याने जीप उलटी निघाली. महाड यायच्या आधीच तिचा हात माझ्या हातात जड झाला. मी ड्रायव्हरला काही सांगितलं नाही. तो बिचारा हॉर्न वाजवत राहिला.

वर

दुपारपर्यंत फोन गेले. मुंबईहून तीन गाड्या आल्या. दोघे मुलगे, त्यांचे मित्र, वाडीची सात कुलपांमागची सगळी माणसं. कापड्याहून दादा आणि भावकी आली. कुणीतरी म्हणालं, खालीच करू, दिवस बुडेल. धाकटा मुलगा म्हणाला, "नाय. आईला घरचं दार दाखवल्याशिवाय नाय."

पाराजवळ तिला उतरवलं तेव्हा तिथे किमान चाळीस पुरुष उभे होते. धडधाकट, तिशी-चाळिशीचे. मी नकळत पुढे झाले, उजव्या बाजूला, सकाळच्याच जागेवर. दादाने माझ्या दंडाला धरून हळूच मागे घेतलं. "नको गो. हायत सगळे."

सगळे होते. पाच-पाच पावलांवर खांदा बदलत होते. एकाला घाम यायच्या आत दुसरा पुढे होत होता. आम्ही बायका मागून चालत होतो. सकाळची वाट होती, तेच दगड, तेच वळण जिथे काकांचा तोल गेला होता. मी बघत होते, आता कुठे टेकवतील. एकदाही टेकवली नाही त्यांनी. पाऊण तासाच्या आत ती तिच्या दारात होती. सकाळी वाडीकडे तोंड करून पाठवली होती ती परत यावी म्हणून, आणि आली.

आम्ही खुर्ची अकरा वेळा टेकवली होती. तेव्हा मोजत नव्हते, पण नंतर एकेक जागा आठवून मोजली. घड्याळ हातात होतंच. त्या उतरणीला लागलेला वेळ त्यात आहे. तो आकडा मी कुणाला सांगितलेला नाही.

पाहुणे पांगल्यावर मी गोणी सोडली आणि तांदूळ डब्यात भरले. भावोजी ओसरीवर खाली बसले होते. शेजारी खुर्ची, पायांना दोरीचे तुकडे तसेच. मला म्हणाले, "बस गो खुर्चीवर." मी त्यांच्याजवळ जमिनीवर बसले. या वेळी रागवायला कुणी नव्हतं.

तेरावं झालं, मी ठाण्याला आले. येताना एसटीने आले.

फाल्गुनात मला बावन्न पूर्ण झाली. ह्यांनी केक आणला, मुलाने फोन केला, साखर आटोक्यात आहे. आईच्या वयापुढे मी आले, अक्काच्या मागनं. ती कुठे जाऊन थांबली ते मला माहीत आहे. अजून सहा वर्षं आहेत तिथे पोचायला.

घड्याळ कपाटात आहे. आता मी सकाळी पंधरा किलो तांदूळ पोत्यात भरून खांद्यावर घेते आणि सोसायटीच्या आवारात चालते. लोक थांबून बघतात. वॉचमनने विचारलं, मॅडम, लिफ्ट बंद आहे का? आमचे हे पहिल्या दिवशी हसले, मग हसले नाहीत. भावोजींचा रविवारी कट्ट्यावरून फोन येतो. वाडीत आता दोनच पुरुष आहेत, गणपतकाकांना मुलगा मुंबईला घेऊन गेला. भावोजी विचारतात, "चालतेस काय गो अजून?"

चालते म्हणते. पहिल्या आठवड्यात एका फेरीत पोतं चारदा खाली ठेवावं लागायचं. आता दोन फेऱ्या होतात, एकदाही न टेकवता.